ओटी नको, बिदागी द्या



तबल्याकडे कशा वळलात असं मला विचारतात, तेव्हा मी ढोलकापासून सुरुवात करते. आम्ही उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये राहायचो. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत जागा मिळाली आणि १९४९ साली त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. शेजारी लग्न निघालं की सिंधी बायका जमून 'लाडा' गायच्या. ढोलक वाजवायची त्यांच्यातलीच एक मासी. आठ मात्रांचा केरवा मी तिच्याशेजारी बसून शिकले. तिला कधी कुणी पैसे दिले नाहीत. त्याच लग्नात ऑर्केस्ट्रातला ढोलकवाला मात्र पाकीट घेऊन जायचा. हा फरक माझ्या फार उशिरा लक्षात आला.

तबला शिकायला गेले, तर एका गुरुजींनी आईला सांगितलं, "गाणं शिकवा हिला. तबल्यानं मुलींची बोटं राठ होतात." (धुणंभांड्यानं होत नसावीत!) दुसरे गुरुजी भेटले ते कडक, पण शिकवणारे. डॉ. आबान मिस्त्री (१९४०–२०१२) यांचं नाव मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. एका पारशी बाईनं एकल तबलावादन केलं, पखवाज-तबल्याच्या घराण्यांवर ग्रंथ लिहिला, हे कळल्यावर आईचा विरोध निम्मा ओसरला.

घर एका खोलीचं, माणसं सात. डग्ग्याचा घुमारा भिंतीपलीकडे जातो, म्हणून त्यावर पंचा टाकून रियाज करायचे. महिना महिना नुसतं 'तिरकिट', तेही संथ लयीत. घाई केली की बोल पुसट होतात. विशारदची परीक्षा जरूर द्या, पण व्यवसायात परीक्षा वेगळीच असते. गाणाऱ्यानं आयत्या वेळी पट्टी बदलली तर हातोडीनं तबला चटकन सुरात आणता आला पाहिजे. बाईच्या आणि पुरुषाच्या पट्टीला एकच तबला पुरत नाही, म्हणून दोन तबले बाळगायचे. ते आणि डग्गा घेऊन रात्रीच्या कर्जत लोकलनं विठ्ठलवाडीला उतरायचं. वाजवण्यापेक्षा हे ओझं नेणंच मला अवघड गेलं. आणि संगत करताना आपला हात दाखवायचा मोह आवरायचा, हे शिकायला तर दहा वर्षं लागली.

पहिल्या सुपारीला पेटीवाल्याला पाकीट मिळालं, टाळवाल्यालासुद्धा. माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. मी हसून घेतलं आणि भाडं घरून मागवून परतले. तेव्हापासून आकडा आधी ठरवल्याशिवाय मी तबल्याची गवसणी उघडत नाही. राग मानू नका, पण ८ मार्चला मंडपवाल्याला पैसे देतो, माइकवाल्याला देतो, आणि तबलेवालीला म्हणतो, "तू तर आपलीच!" असं माझ्याशी चार वेळा झालं आहे, आणि चारही वेळा मी गप्प बसले.

सध्या माझ्याकडे रविवारी अंबरनाथहून एक मुलगी येते. तिच्या वडिलांनी मागच्या महिन्यात विचारलं, "बाई, यात पोट भरतं का?" मी माझ्या वहीतला वर्षाचा जमाखर्च त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. पुढच्या रविवारी मुलगी आली, स्वतःचा डग्गा घेऊन.