तपासणीचे पैसे कोणी द्यायचे?



सोलापूर हायवेवरच्या यवत गावात, समुद्रापासून अख्खा घाट अलीकडे उभं राहून मी आज जहाजावरच्या स्वयंपाकघराबद्दल बोलणार आहे. पत्रिका वाचून काहींना हसू आलं असेल. पण तुकोबांची पालखी काळभैरवनाथाच्या देवळात मुक्कामाला येते त्या रात्री हे गाव जेवढ्यांना पिठलं-भाकरी वाढतं, तेवढी माणसं जगातल्या एकाही जहाजावर मावत नाहीत. तेव्हा खूप माणसांना एका दिवशी जेवू घालताना कोणाचं पोट बिघडू नये, याची काळजी कशी घ्यायची हे तुम्हाला मी सांगायला नको. मला बोलायचंय ते त्या काळजीच्या खर्चाबद्दल.

अमेरिकेत 1970 नंतरच्या काळात पर्यटकांच्या जहाजांवर जुलाब-उलट्यांच्या साथी येऊ लागल्या. म्हणून तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, 1975 मध्ये जहाजांच्या स्वच्छतेची तपासणी सुरू केली. 1986 मध्ये सरकारने ती गुंडाळली. संसदेला ते पटलं नाही, तपासणी परत आली, आणि 1988 पासून तिचे पैसे जहाजवाल्यांकडून घ्यायचे ठरले. परदेशातून येणारं, 13 किंवा जास्त प्रवाशांचं जहाज असेल तर साधारण वर्षातून दोनदा, न सांगता, तपासनीस चढतात. 100 पैकी गुण देतात. 85 किंवा त्याहून कमी म्हणजे नापास.

फी जहाजाच्या आकारावर ठरते. बरीच वर्षं चाललेल्या एका दरपत्रकात सगळ्यात लहान जहाजाला 1,495 डॉलर होते आणि सगळ्यात अजस्र जहाजाला 23,920. मोठा आकडा आपल्या हिशेबाने वीस लाखांच्या घरात जातो. ऐकायला भारी वाटतं. पण असं जहाज दर आठवड्याला पाच हजार माणसं फिरवत असेल, तर सहा महिन्यांत सव्वा लाखावर प्रवासी होतात. भागाकार करा. माणशी पंधरा-सोळा रुपये, म्हणजे एका चहाचे पैसे. नापास झालात आणि फेरतपासणी करावी लागली, तर परत तेवढीच फी.

हे पैसे देऊन जहाजवाल्याला काय मिळतं? पास होण्याची हमी मिळत नाही, आणि मला या व्यवस्थेतलं हेच आवडतं. जहाजाचं नाव, गुण आणि कुठे काय चुकलं, सगळं जाहीर होतं. जहाजावर 3 टक्के प्रवासी किंवा खलाशी जुलाब-उलट्यांनी आजारी पडले तर तेही जाहीर होतं.

या जहाजांवर आपली मुलं पुष्कळ आहेत. कोकणातली, गोव्यातली, पुण्याला हॉटेल मॅनेजमेंट करून गेलेली. फेब्रुवारी 2020 मध्ये जपानजवळ 'डायमंड प्रिन्सेस' कोरोनामुळे अडकलं तेव्हा त्यावर 138 भारतीय होते. त्यातले प्रवासी फक्त 6, बाकी 132 कामगार. या कामगारांच्या तोंडी त्या अमेरिकी तपासणीचं नाव 'यूएसपीएच'. ती आली म्हटलं की भटारखान्यात धांदल. किती धांदल, ते सांगतो. जून 2013 मध्ये अलास्कातल्या स्कॅगवे बंदरात 'सिल्व्हर शॅडो' नावाच्या जहाजावर तपासनीस गेले. तिथे भटारखान्यातलं सामान तपासणी चुकवण्यासाठी कामगारांच्या झोपायच्या खोल्यांत नेऊन ठेवलं होतं. पंधरावर भरलेल्या ट्रॉल्या, दहावर खोल्या. त्यात कच्चं मांस, दूध, चीज, शिजवलेलं अन्न, भांडीकुंडी, सगळं. दोघे-तिघे झोपतात त्या बंकांशेजारी! तपासनिसांनी सापडलेलं अन्न फेकायला लावलं आणि त्यावर क्लोरीन ओतवलं, पुन्हा कोणाच्या ताटात जाऊ नये म्हणून. गुण पडले 82. जहाज महागड्या सफरींचं होतं, पण फी भरली म्हणून कोणी डोळेझाक केली नाही.

आता मुंबई. आपल्या बंदरातही आरोग्य अधिकारी जहाजावर चढतो, 1955 चे बंदर आरोग्य नियम आहेत. 1896 मध्ये मांडवीत प्लेग फुटला तेव्हापासून आपल्याला बंदरातला उंदीर किती महाग पडतो ते ठाऊक आहे. पूर्वी जहाजाला उंदीर मारल्याचा दाखला लागे. 2007 पासून नवे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम आले आणि त्याजागी स्वच्छतेचा दाखला आला, सहा महिन्यांचा. त्या नियमांत फीबद्दल एक कलम आहे. ते मला प्रत्येक सरकारी कचेरीच्या दारावर लावावंसं वाटतं. देशभर दर एकच हवा. तो सेवेच्या खऱ्या खर्चापेक्षा जास्त नसावा. जहाज कोणाचं, झेंडा कुठला, हे बघून कमीजास्त करायचा नाही. आणि वसुलीच्या निदान दहा दिवस आधी तो छापून जाहीर करायचा.

जहाजांच्या तपासणीचे पैसे जहाजवाला देतो; आपल्या वारीचा इतिहास याच्या उलटा आहे. इंग्रजांच्या काळात पटकीच्या भीतीने पंढरपुरात यात्रेकरूंवरच कर बसवला होता. पायी चालून आलेल्या माणसाने स्वतःच्या तपासणीचे पैसे मोजायचे, हा न्याय कसला?

आता हायवेवर येऊ. 2011 च्या नियमांप्रमाणे वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या टपरीला, ढाब्याला अन्न नोंदणीचे वर्षाला 100 रुपये ठरले. चहाच्या टपरीला एवढेच असावेत, याबद्दल माझं दुमत नाही. पण शंभर रुपयांत पुण्याहून येणाऱ्या अधिकाऱ्याचं पेट्रोलही सुटत नाही. मग त्याच्या येण्याजाण्याचा भार सरकारी तिजोरीवर, आणि तिजोरीला दुसरी हजार कामं. मोठ्या हॉटेलांनी, रोज शेकडो गाड्या थांबतात त्यांनी, आकारमानाप्रमाणे जास्त द्यायला काय हरकत आहे? गुऱ्हाळांचंही तेच. केडगाव-पाटस भागात गुळात साखर मिसळल्याच्या कारवाया झाल्या की त्याचा फटका चोख गूळ करणाऱ्यालाही बसतोच.

एक सोपी पळवाट लोक सुचवतात: तपासणी खासगी संस्थेला द्या. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या स्वच्छता मानांकनात असं आहे. यादीतली संस्था हॉटेलमालक निवडतो आणि तिचे पैसेही तोच देतो. मला हे पटत नाही. जावयाने सासऱ्याकडे हुंड्याचा हिशेब मागावा तसं होतं ते, दोघांनाही नातं टिकवायचं असतं. पैसे तपासला जाणाऱ्याने द्यावेत, पण ते तिजोरीत जावेत आणि तपासनीस कोण हे त्याने ठरवू नये.

अर्थात तिजोरीतही गंमत होते. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेत सरकारी खर्च कमी करण्याच्या धुमाळीत याच जहाज-तपासणीचे पूर्णवेळ कर्मचारी घरी पाठवले गेले. त्यांचे पगार करदात्यांच्या पैशातून नव्हते, जहाजांच्या फीतून होते. वाचलं काय? गणवेशातल्या आरोग्य अधिकाऱ्यांची छोटी तुकडी मागे राहिली, तिच्यावर सगळा भार.

आणि आपल्याकडे तर बिनपैशाची तपासणी आहे, तिचा कोणी गाजावाजा करत नाही. वर्षातून दोनदा, जहाजासारखंच, आरोग्य खातं गावाच्या पाणीस्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण करतं. धोका जास्त तर ग्रामपंचायतीला लाल कार्ड, मधला तर पिवळं, ठीक असेल तर हिरवं. आरोग्यसेवक नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतो, क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाचे थेंब टाकतो, पिवळी झाक आली की टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पोहोचली. शेवटच्या नळाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. जहाजाच्या टोकाच्या नळालाही आकडा तोच.

फरक एवढाच, की तिकडचे गुण कोणालाही बघता येतात. पालखी महिन्यावर आली आहे, उन्हाळ्यातलं सर्वेक्षण झालेलं असेल. यवतला या वेळी कोणतं कार्ड मिळालं, हे या मांडवात किती जणांना माहीत आहे? हात वर करा. सरपंच सोडून.