परक्या यीस्टची वाट

सांगली जिल्ह्यात पलूसला एमआयडीसीने वाइन पार्क वसवले. सातारा जिल्ह्यात रेठरे बुद्रुकला कृष्णा कारखान्याची डिस्टिलरी मळीपासून अल्कोहोल काढते. द्राक्षरस असो की मळी, साखर आंबवते ते यीस्टच. आणि काळजीही दोन्हीकडे एकच, की आपण घातलेल्या यीस्टमध्ये दुसरे शिरू नये.

श्रोतेहो, १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत बियर बिघडू लागली होती. तिथले शास्त्रज्ञ एमिल ख्रिश्चन हान्सेन यांना यीस्टमध्ये रानटी जाती मिसळलेल्या आढळल्या. त्यांनी एकच चांगली पेशी वेगळी केली, तिचीच पैदास वाढवली आणि नोव्हेंबरमध्ये तिच्यावर बियर आंबवली. मालक जेकबसेन यांनी ते यीस्ट इतर ब्रुअऱ्यांनाही मोकळ्या हाताने दिले. केवढी मोठी गोष्ट! आज पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला सूक्ष्मजीवसंग्रह अशाच शुद्ध जाती जपतो आणि पुरवतो.

शुद्ध यीस्ट आणले तरी राखण करावीच लागते. तासगावच्या निरोगी द्राक्षमण्यावर वाइनचे यीस्ट क्वचितच असते, वस्ती असते ती इतर जातींची. मणी फुटला की त्या फोफावतात आणि चिलटे त्यांना घडाघडावर नेतात. म्हणून फुटके घड तोडणीतच बाजूला काढलेले बरे. सल्फर डायऑक्साइडची बेताची मात्रा यांतल्या बहुतेकांना आवरते. वाइनचे यीस्ट ती सोसते.

परक्या यीस्टमध्ये सर्वांत चिवट ब्रेटानोमायसिस. ते वाइनला तबेल्याचा वास आणते आणि ओकच्या पिंपात लाकडाच्या आत शिरून बसते. बियरमधले डायस्टॅटिकस यीस्ट तर धोक्याचेच: साध्या यीस्टला न पचणारे डेक्स्ट्रिनही ते आंबवते, भरलेल्या बाटलीत दाब वाढतो आणि बाटली फुटू शकते.

ही परकी यीस्ट बहुधा लपतात ती नळीत, व्हॉल्व्हच्या रबरी वायसरखाली, प्लास्टिकच्या ओरखड्यात. टाकी मात्र लखलखीत दिसते. जोड सुटे करून आधी चिकटा पूर्ण काढायचा, स्वच्छ पाण्याने धुवायचे, मगच निर्जंतुक करायचे. क्रम उलटला तर थराखालच्या पेशी वाचतात आणि पुढचा घाणा बिघडवतात.

महाराष्ट्रात विनापरवाना मद्य करणे गुन्हा आहे. जिथे घरी बियर करायला मुभा आहे, तिथले जाणते हौशी मुद्दाम रानटी यीस्टवर केलेल्या बियरसाठी बादली, नळी, वायसर वेगळेच ठेवतात, आणि एकाच दिवशी दोन्ही कामे आली तर शुद्ध यीस्टचे आधी उरकतात.