भरलेल्या फोनमधून काय काढावे?



खरिपाची ई-पीक पाहणी सुरू झाली की पुष्कळ बांधांवर एकच प्रकार पाहावयास मिळतो. शेतकरी पिकाचा फोटो घेण्यासाठी फोन काढतो. ॲप म्हणते, नवी आवृत्ती घ्या. आणि फोन म्हणतो, जागा नाही! 2021 साली ही पाहणी महाराष्ट्रभर शेतकऱ्याने स्वतः करावयाची असे ठरले. तेव्हापासून फोनमधली जागा हा काही तरण्या पोरांच्या हौसेचा विषय उरलेला नाही. शाळेतही तेच. गुरुजींना दुपारपर्यंत माहिती भरून पाठवावयाची असते आणि नेमका त्याच वेळी फोन अडून बसतो.

अशा वेळी माणूस घाईने हाताला लागेल ते पुसून टाकतो. निम्मा घोटाळा होतो तो येथेच. म्हणून जागा कशी करावी हे सांगताना काय काढू नये हेही मी आज सांगणार आहे.

मुळात ही जागा जाते कोठे? फोन घेताना दुकानदार 64 जीबी म्हणून सांगतो. पण त्यातला बराच भाग फोनची स्वतःची यंत्रणा आणि ॲप घेऊन बसतात. उरलेल्या जागेचा हिशेब पाहा. नेहमीच्या दर्जाचा एक मिनिटाचा व्हिडिओ सुमारे 130 एमबी खातो. एक फोटो साधारण तीन-चार एमबीचा. म्हणजे पोळ्याच्या मिरवणुकीचे आठ मिनिटांचे चित्रण केले की एक जीबी संपला! तेवढी जागा फोटो पुसून करावयाची तर अडीच-तीनशे फोटो पुसावे लागतील. तेव्हा फोटो एकेक करून काढीत बसणे म्हणजे कणगी चिमटीने रिकामी करण्यासारखे आहे. आधी लांबलचक व्हिडिओंकडे वळा.

दुसरा मोठा वाटेकरी म्हणजे व्हॉट्सॲप. 2018 च्या जानेवारीत 'वॉल स्ट्रीट जर्नल' या अमेरिकन वृत्तपत्राने एक गमतीची बातमी दिली होती. भारतातले फोन इतके का तुंबतात, याचा शोध गूगलच्या संशोधकांनी घेतला. आणि कारण सापडले ते आपल्या 'शुभ सकाळ'चे! उगवता सूर्य, गुलाबाची फुले, वाफाळलेला चहा. अशी चित्रे शोधून पुसण्याची सोय मग गूगलने आपल्या 'फाइल्स' या ॲपमध्ये केली. त्या वेळी त्याचे नाव 'फाइल्स गो' होते. आता कोणी कोणाला शुभ सकाळ म्हणूच नये, असे काही माझे म्हणणे नाही. पण आलेला प्रत्येक सूर्य आपल्या घरात साठवून ठेवण्याचे कारण नाही, एवढे खरे.

व्हॉट्सॲपच्या 'सेटिंग्ज'मध्ये जा. तेथे 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' असे सापडेल. पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइली तेथे एका बाजूला काढलेल्या असतात. पुष्कळ वेळा पुढे ढकललेल्या निराळ्या असतात. बहुतेक कचरा या दोन ढिगांतच असतो. तरी सगळे एकदम निवडून पुसू नका; नजर फिरवा, मग पुसा. त्याच ठिकाणी 'मीडिया ऑटो-डाउनलोड' आहे. त्यातल्या खुणा काढून टाकल्या म्हणजे तुम्ही बोट लावल्याशिवाय फोटो किंवा व्हिडिओ उतरत नाही. हे केले नाही, तर आज केलेली जागा महिन्याभरात पुन्हा भरलीच म्हणून समजा.

आता महत्त्वाचे. वस्तू मोठी की लहान, एवढ्यावरून निवड करू नका. ती पुन्हा मिळेल का, हे विचारा. शासन निर्णयाची पीडीएफ शासनाच्या संकेतस्थळावर पुन्हा मिळते. सातबारा पुन्हा काढता येतो. सिनेमा, गाणी, कीर्तनाचा व्हिडिओ यूट्यूबवर असतोच. हे सगळे खुशाल काढा. पण तुमच्या घरचे जे फक्त तुमच्याच फोनमध्ये आहे, ते बियाण्यासारखे आहे. कणगी रिकामी करताना बियाणे कोणी भुशाबरोबर उधळीत नाही.

माझ्या माहितीतल्या एका शेतकरी घरातली गोष्ट सांगतो. वडील वारले. त्यांनी मुलाला पाठविलेले दहा-बारा आवाजी निरोप व्हॉट्सॲपवर होते. त्यात विशेष असे काय असणार? 'रात्रीची लाईट आहे, मोटार चालू करून ये', 'येताना खताची पावती आण', असलेच काही. फोन तुंबला म्हणून मुलाने तो दुकानात दिला. दुकानातल्या पोराने चांगल्या मनाने सगळे साफ करून दिले. भरपूर जागा झाली; वडिलांचा आवाज मात्र गेला. आणि त्या निरोपांनी जागा अडविली होती किती? मिनिटभराच्या निरोपाला दीड-दोनशे केबी पुरतात. सगळे मिळून एका फोटोइतकेही नव्हते हो!

म्हणून असा आवाज तुमच्या फोनमध्ये असेल, तर आज रात्रीच तो स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.

गूगल फोटोजविषयी एक गैरसमज फार आहे. 'फोटो वर गेले आहेत, आता फोनमधले पुसले तरी चालेल,' असे म्हणून लोक त्याच ॲपमध्ये फोटो पुसतात. अहो, तेथे पुसलेला फोटो वरूनही जातो! वरची प्रत ठेवून फक्त फोनमधली काढावयाची, तर 'फ्री अप स्पेस' ही निराळी सोय आहे; तीच वापरा. चुकून पुसलेच, तर 'ट्रॅश'मध्ये पाहा. वर साठविलेला फोटो तेथे 60 दिवस राहतो, न साठविलेला 30 दिवस. शिवाय वरची जागाही अमर्याद नाही. 1 जून 2021 पासून फोटो, ईमेल आणि ड्राइव्ह मिळून 15 जीबीच फुकट मिळतात.

ॲपच्या माहितीत 'क्लिअर कॅश' आणि 'क्लिअर डेटा' अशी दोन बटणे शेजारी शेजारी असतात. पहिले निर्धास्त दाबा. त्याने फक्त तात्पुरता साठा जातो. दुसऱ्याने ॲप कोरे होते. रेंज नसताना भरून ठेवलेली, अजून वर न गेलेली माहिती त्यात असेल, तर तीही जाते. शिक्षकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

उरले घरचे फोटो. ते संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर उतरवा. मेमरी कार्डही चालेल. मात्र स्वस्तातले कार्ड कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून प्रती दोन असाव्यात. प्रत केल्यावर ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. चार फोटो उघडले, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालला, की मगच फोनमधले पुसा. गावातल्या शाळेत संगणक असेल, तर शनिवारी शाळा सुटल्यावर गुरुजींनी एक तास यासाठी दिला, तरी पाच-सहा घरांचे काम सहज होईल. येताना चार्जिंगची वायर मात्र ज्याची त्याने आणावी. कारण पुष्कळ वायरींतून चार्जिंग होते, पण फोटो जात नाहीत.