रात्रपाळीची हजेरी



पावसाळ्यात आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, तीही बहुधा रात्री. विष भिनले असेल तर प्रतिविषाच्या ८ ते १० कुप्या सुरुवातीलाच लागतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चौघांवर औषध तेच.

मी सॉफ्टवेअर लिहिते. पडद्यावर ‘शिल्लक १०’ दिसते. पण कपाटात खरोखर दहा आहेत का, मुदत संपली नाही ना, हे रात्रपाळीच्या फार्मासिस्टलाच हाताने मोजून बघावे लागते. तेव्हा दुसरे दुकान उघडे नसते.

आपल्या बाईही हजेरीला नुसते नाव वाचत नसत, बाकाकडे बघत.

आज रात्रपाळीमुळे जे येऊ शकले नाहीत, त्यांची हजेरी आपण लावू या.