पहिली तबकडी कोणाची?

आवडत्या गोष्टींना क्रमांक लावण्याचा मोह मनुष्याला फार जुना आहे. आंबा कोणता उत्तम, नाटककार कोण श्रेष्ठ, ह्या प्रश्नांचा निकाल आजवर लागलेला नाहीं, आणि तो लागूं नये अशीच वाद घालणाऱ्यांची मनांतून इच्छा असते. संगीताच्या शोकिनांत हा मोह सर्वांत प्रबळ. चार मित्र जमले आणि जुन्या ध्वनिमुद्रिकांचा विषय निघाला कीं चहा निवतो, पण वाद निवत नाहीं.

कृष्णाकांठच्या लोकांना तर हा वाद घालण्याचा वारसाहक्कच आहे. १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें तें सांगलीस. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनीं विष्णु दिगंबर पलुसकरांना विद्या दिली ती मिरजेस. अब्दुल करीम खांसाहेबांनीं बिऱ्हाड केलें तेंहि मिरजेसच, आणि हिराबाई बडोदेकरांचा १९०५ सालचा जन्महि तेथलाच. दीनानाथ मंगेशकर कांहीं वर्षें सांगलीकर होते. साताऱ्याच्या बाजूस औंध आहे. तेथें अंतुबुवा जोशांनीं १९४० सालीं सुरू केलेला संगीतोत्सव प्रसिद्धच आहे. अशा मुलुखांत राहून ज्याला गाण्याविषयीं मत नाहीं, त्याला शेजारीपाजारी आजारी समजतात.

आमच्या मंडळांत सांगलीचे एक प्राध्यापक, मिरजेचे एक डॉक्टर, साताऱ्याचे एक वकील आणि मी, असे चौघे आहों. आजवरचा आमचा वाद निव्वळ करमणुकीचा होता. पण गेल्या वर्षीं त्याला एकाएकीं गंभीर रूप आलें. वकीलसाहेबांचा साताऱ्याचा जुना वाडा पाडावयाचा ठरला आणि त्यांना मुलाकडे दोन खोल्यांच्या सदनिकेंत जावें लागणार होतें. वडिलांच्या वेळेपासूनच्या सुमारें दोनशें तबकड्या घरांत होत्या. सूनबाईंनीं मोठ्या मनानें एक फळी मोकळी करून दिली; तिच्यावर फार तर वीस राहतील. तेव्हां त्यांनीं आम्हांला बोलावून सांगितलें, “आजवर तोंडानें क्रम लावलेत, आतां हातानें लावा.”

प्राध्यापकांनीं प्रथम दीनानाथांची बाजू मांडली. त्यांचें म्हणणें असें कीं, अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू म्हणजे अवघीं तीन-साडेतीन मिनिटें. तेवढ्या अवधींत ज्याला विजेसारखें चमकून जातां येतें, तोच तबकडीचा खरा राजा. दीनानाथांची तान पाण्यांतल्या मासोळीसारखी कोठून कोठें जाते तें कळत नाहीं, आणि ‘रणदुंदुभि’ किंवा ‘संन्यस्त खड्ग’ ह्या नाटकांतलें त्यांचें पद संपल्यावर तें लहान होतें असें मुळींच वाटत नाहीं.

डॉक्टर मिरजेचे, त्यांचें मत ठरलेलें. अब्दुल करीम खांसाहेबांनीं आयुष्याच्या शेवटच्या तीन-चार वर्षांत, म्हणजे १९३७ पूर्वीं, ज्या मुद्रिका दिल्या, त्यांतली झिंझोटीची ठुमरी त्यांनीं पुढें ठेवली. “येथें घाई नाहीं आणि चमकहि नाहीं,” ते म्हणाले. “तीन मिनिटें आहेत हें ह्या गृहस्थांना ठाऊक आहे, आणि तरीहि ते एका स्वरावर थांबतात. एवढें धैर्य दुसऱ्या कोणाजवळ आहे तें दाखवा.” ह्यावर थोडा वेळ कोणी बोललें नाहीं.

वकीलसाहेब मात्र गंधर्वभक्त. त्यांची अडचण निराळी होती. बालगंधर्वांचें वैभव वन्समोअरांत, रात्रभर रंगणाऱ्या प्रयोगांत, थिरकवांच्या तबल्यांत आणि कादरबक्षांच्या सारंगींत फुलणारें. तें तीन मिनिटांत कोंबलें म्हणजे बाग कुंडींत लावल्यासारखें होतें. वकील असल्यामुळें त्यांनीं हें स्वतःच कबूल केलें आणि लगेच उलट मुद्दा काढला. ‘स्वयंवरा’चीं पदें भास्करबुवा बखल्यांच्या चालींचीं. भास्करबुवा १९२२ सालीं वारले आणि त्यांच्या आवाजाची एकहि मुद्रिका मागें राहिली नाहीं. “तबकड्यांवरून गवयांचे क्रमांक लावावयाचे, तर बुवांना शून्य गुण द्या!” ते म्हणाले. “ह्या पदांत दोघे आहेत: एक गाणारा आणि एक शिकविणारा. माझें मत दोघांना.”

शेवटीं मतें मोजलीं. पहिली खांसाहेबांची झिंझोटी, दुसरे दीनानाथ, तिसरें ‘स्वयंवर’. मग हिराबाई आणि इतर मंडळी. विसांची यादी पुरी झाली तेव्हां रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि आम्ही सर्वजण मोठ्या समाधानांत होतों.

त्या समाधानाला तडा दिला तो वकीलसाहेबांच्या नातीनें. तिनें यादी हातांत घेतली, आपला मोबाइल उघडला आणि एकेक नांव घालून पाहिलें. झिंझोटी निघाली, दीनानाथ निघाले, ‘स्वयंवर’ निघालें. विसांच्या वीस तेथें हजर होत्या. मग ती पेटीकडे वळली. आम्ही बाजूला सारलेल्या तबकड्यांतल्या चार तिनें काढल्या. एक कोणा बाईंच्या भजनांची, एक पोवाड्याची, एक विनोदी संवादाची. चौथीचा कागद इतका झिजलेला कीं नांव वाचतां येईना. त्यांपैकीं एकहि तिला सांपडली नाहीं. ती एवढेंच म्हणाली, “आजोबा, ज्या कोठेंच नाहींत, त्याच तुम्ही टाकतां आहांत.”

श्रोतेहो, आम्हां चौघांना जें सुचलें नाहीं तें हें होतें. आवडीचा क्रम आणि जतनाचा क्रम हे दोन निराळे क्रम आहेत, आणि पुष्कळदां ते परस्परांच्या अगदीं उलट असतात. थोरांचीं गाणीं पुढें लाँग-प्ले तबकडीवर आलीं, कॅसेटीवर आलीं, आतां आंतरजालावर आहेत. त्यांना आपल्या फळीची गरज नाहीं. जी बाई एकदांच भोंग्यापुढें उभी राहिली आणि पुन्हां कोणाला आठवली नाहीं, तिचा आवाज कदाचित् तुमच्याच माळ्यावरच्या एका पेटींत उरला असेल. भास्करबुवांच्या गाण्याची एक फुटकी, खरखरणारी तबकडी आज कोणीं आणून दिली, तर तिच्या बदल्यांत आमची सारी यादी आम्ही आनंदानें देऊं. मग जें उरलें आहे तें आपल्या हातानें भंगारांत कां घालावें?

म्हणून एक विनंति. अशी पेटी घरीं असेल तर तबकड्या एकावर एक रचूं नका, उभ्या ठेवा. त्या लाखेच्या आहेत. स्पिरिटनें पुसल्या तर पृष्ठभागच विरघळतो, म्हणून मऊ कोरडें फडकें पुरे. ग्रामोफोनवर वाजवावयाची असेल तर प्रत्येक बाजूस पोलादी सुई नवी घाला. आणि टाकण्यापूर्वीं कोणा जाणकाराकडून निदान एकदां तरी आवाज उतरवून घ्या.

वकीलसाहेबांच्या फळीवर आज वीस तबकड्या उभ्या आहेत. त्यांत झिंझोटी आहे. ती त्यांनीं हट्टानें ठेवली, आणि आम्हीहि अडविलें नाहीं, कारण पहिल्या क्रमांकालाहि घरांत मान पाहिजे. बाकीच्या एकोणीस मात्र आमच्या यादींत नव्हत्या. उरलेल्या आम्ही तिघांनीं वाटून घेतल्या आहेत आणि दर रविवारीं त्यांतल्या चार-दोन ऐकतों. कागद झिजलेल्या तबकडीवरचा आवाज कोणाचा, ह्याविषयीं सांगली आणि सातारा ह्यांचें एकमत अद्याप झालेलें नाहीं. तें लवकर होईल असें चिन्हहि दिसत नाहीं.