चारच गोळ्या द्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहिणारा माणूस. औषधांच्या किमतींवर बोला, असे मला सांगण्यात आले तेव्हा मी म्हणालो, अहो, त्यासाठी एखादा डॉक्टर बोलवा, नाही तर अर्थशास्त्राचा प्राध्यापक. माझी पदवी साध्या बी.ए.ची. पण घरी आल्यावर विचार केला, या विषयात आपलीही थोडी पात्रता आहे. गेली तीस वर्षे मी औषधांच्या दुकानांसमोर उभा राहतो आहे. आधी अब्बांसाठी, मग अम्मीसाठी, मग मोठ्या बहिणीसाठी, आणि आता रक्तदाबाच्या गोळीपायी स्वतःसाठी.

आपल्या नागपुरात ‘मेडिकल’ म्हटले की सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. त्याच्या चौकातल्या औषधांच्या दुकानांपाशी कधी अर्धा तास उभे राहून बघा. भंडाऱ्याहून, गडचिरोलीहून, पलीकडे छिंदवाड्याहून आलेली माणसे हातात चिठ्ठी घेऊन येतात. दुकानदार औषधे काढून काउंटरवर मांडतो, आकडा सांगतो. माणूस खिशातले पैसे मोजत नाही, कारण ते किती आहेत हे त्याला पाठ असते. तो काउंटरवरच्या औषधांकडे बघतो आणि हळूच म्हणतो, “असं करा, यातल्या चारच गोळ्या द्या. बाकीच्या उद्या नेतो.” दुकानदार कात्री घेतो आणि पट्टी कापतो. औषधाचे नाव एका तुकड्यावर राहते, तारीख आणि किंमत दुसऱ्या तुकड्यावर. तो उद्या बहुधा येत नाही.

त्या पट्टीवर छापलेले असते, कमाल किरकोळ किंमत. आमच्या घरच्या बोलीत कमाल म्हणजे करामत, आश्चर्य. मराठीत कमाल म्हणजे जास्तीत जास्त. म्हणजे यापेक्षा जास्त घेऊ नये, कमी घ्यायला हरकत नाही. पण आपण ती छापील किंमत देवाने लिहिली असावी अशी वाचतो. कॉटन मार्केटात सांबाराच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून हुज्जत घालणारा माणूस औषधाच्या दुकानात मान खाली घालून सांगितले तेवढे पैसे मोजतो. आजारी माणूस घरी पडलेला असताना भाव करणे त्याला पाप वाटते.

मला आज एवढेच सांगायचे आहे की ती किंमत देवाने लिहिलेली नसते. कोणीतरी बसून ती ठरवलेली असते, आणि ठरवलेली किंमत बदलता येते. हे मला कोणत्या पुस्तकाने शिकवले नाही. माझ्या आपाच्या आजारपणाने शिकवले.

आपा म्हणजे माझी मोठी बहीण. कामठीला राहायची. दुल्हाभाईंचे शिवणकामाचे छोटे दुकान. मे २०१३ मध्ये, भर उन्हाळ्यात, तिच्या छातीत दुखू लागले. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात नेले. डॉक्टर म्हणाले, एक नस बंद आहे, आजच स्टेंट टाकावा लागेल. स्टेंट म्हणजे धातूच्या बारीक तारांची जाळी, बॉलपेनातल्या स्प्रिंगपेक्षाही लहान. कोणता टाकायचा, असे त्यांनी आम्हाला विचारले. साधा की औषध लावलेला? आम्ही काय सांगणार! दुल्हाभाई म्हणाले, “चांगला टाका.” त्या एका शब्दाची किंमत बिलात आली, एक लाख दहा हजार. बाकीचे बिल वेगळे.

आता योगायोग पाहा. राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला सुरू झाली होती, पण फक्त आठ जिल्ह्यांत. शेजारच्या अमरावतीत होती, गडचिरोलीत होती, नागपुरात नव्हती. आपल्याकडे ती आली नोव्हेंबर २०१३ मध्ये. दीड लाखापर्यंतचा खर्च त्यात बसत होता. आपाचे हृदय सहा महिने थांबले असते तर! किंवा ती कामठीऐवजी बडनेऱ्याला दिली असती तर! घरात आम्ही पुढे कितीतरी दिवस असे हिशेब करीत बसायचो.

पैसे कुठून आले? आपाच्या चार बांगड्या सोनाराकडे गेल्या. मोहल्ल्यातल्या बायकांनी भिशी आपाला आधी दिली. थोडे मी दिले, थोडे दुल्हाभाईंच्या चुलतभावाने. एका ओळखीच्या माणसाने महिन्याला तीन टक्क्यांनी दिले, आणि वर ‘घरचेच आहात’ असेही म्हणाला. यातल्या एकाही पैशाचा कागद झाला नाही.

पुढे चार वर्षांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, वर्तमानपत्रात बातमी आली. केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषध लावलेला २९,६००, वर कर काय तो. मी तो अंक घेऊन कामठीला गेलो. आपाला वाचून दाखवले. तिने दोनदा आकडा विचारला. मग म्हणाली, “म्हणजे तार तीच ना? मग मधले ऐंशी हजार कशाचे होते?” मला उत्तर देता आले नाही. पुढच्या वर्षी त्याच प्राधिकरणाने दिल्ली भागातल्या चार मोठ्या खासगी रुग्णालयांच्या बिलांचा तपास जाहीर केला. काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला होता. हा आकडा मात्र मी आपाला सांगितला नाही.

असेच एक जुने उदाहरण मुंबईचे आहे. मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कर्करोगावरचे सोराफेनिब नावाचे औषध एक जर्मन कंपनी महिन्याला २,८०,४२८ रुपयांना विकत होती. पेटंट तिचे. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातल्या नियंत्रकांनी हैदराबादच्या एका कंपनीला तेच औषध बनवायचा सक्तीचा परवाना दिला आणि अट घातली, महिन्याची किंमत ८,८८० च्या वर जाता कामा नये. मूळ कंपनीला तिचा वाटाही ठरवून दिला. त्याआधी, २००१ मध्ये, मुंबईच्याच सिप्लाचे युसुफ हमीद यांनी एड्सच्या तीन औषधांचा एकत्र उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला होता. पाश्चात्त्य देशांत तेव्हा तो दहा हजार डॉलरच्या वर होता. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर हक्क दिला होता, म्हणून हे जमले. २००५ मध्ये तो कायदा बदलला.

कोविडच्या दिवसांत तर हे सारे उघड्यावर आले. एप्रिल २०२१. नागपुरात रेमडेसिव्हिरसाठी काय हाल झाले, ते तुम्ही विसरला नसाल. त्या इंजेक्शनची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हा केलेलीच नव्हती, उलट नोव्हेंबर २०२० मध्ये त्याविरुद्ध सल्ला दिला होता. पण चिठ्ठीवर ते लिहिलेले असे, आणि चिठ्ठी हातात असलेल्या माणसाला शास्त्र सांगून उपयोग नसतो. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला मध्ये पडून शहराला १०,००० कुप्या पाठवा, असा आदेश सरकारला द्यावा लागला. त्याच आठवड्यात सरकारच्या सांगण्यावरून कंपन्यांनी किमती उतरवल्या. एका कंपनीची कुपी २,८०० वरून ८९९ वर आली. दुसरीची ५,४०० वरून ३,४९० वर. औषध एकच. आमच्या शेजारच्या घरात मात्र त्याआधी चार दिवस एक कुपी काळ्या बाजारातून वीस हजारांना आली होती. ज्याच्यासाठी आली तो मुलगा वाचला, सुखरूप आहे. त्याच्या बापाने विकलेली ऑटोरिक्षा काही परत आली नाही.

कोणी म्हणेल, हे गरीब देशाचे रडगाणे आहे. तसे नाही. माझ्या एका मित्राचा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. दर दोन वर्षांनी येतो आणि जाताना बॅगेत लोणच्याच्या बरण्यांशेजारी गोळ्यांच्या पट्ट्या भरतो. तिथे डॉक्टरची चिठ्ठी आहे, विमाही आहे, तरी इथून नेतो. इन्सुलिनचे शोधकर्ते त्याचे पेटंट १९२३ मध्ये टोरांटो विद्यापीठाला एकेक डॉलरला देऊन मोकळे झाले होते. शंभर वर्षांनी त्याच इन्सुलिनसाठी अमेरिकेतली माणसे डोस वाचवून वापरत होती. शेवटी कायदा करून २०२३ पासून तिथल्या वृद्धांच्या सरकारी विम्यात महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा घालावी लागली. २०१५ मध्ये तिथल्या एका कंपनीने एका जुन्या औषधाचे हक्क विकत घेतले आणि साडेतेरा डॉलरची गोळी ७५० डॉलरला केली. अमेरिकेतल्या लोकांवरचे दवाखान्याचे कर्ज किमान २२० अब्ज डॉलर असल्याचा तिथल्या अभ्यासकांचा अंदाज आहे.

त्या कर्जाची एक गंमत मित्राच्या मुलाने सांगितली. तिथे रुग्णालय आपली थकबाकी वसुली कंपनीला विकून टाकते, डॉलरमागे काही सेंटला. म्हणून २०१४ मध्ये काही लोकांनी एक संस्था काढली. ती देणग्या गोळा करते, तीच थकबाकी त्याच स्वस्त भावात विकत घेते आणि माफ करते. घरी पत्र जाते की तुमचे देणे आता उरले नाही. मला हे ऐकून फार बरे वाटले, आणि लगेच आपाची आठवण झाली. तिचे कर्ज कोण विकत घेणार? ते कुठे लिहिलेलेच नव्हते. ते सोनाराच्या कपाटात होते, भिशीवाल्या बायकांच्या मनात होते, चुलतभावाच्या बायकोच्या बोलण्यात होते. आपल्याकडचे आजारपणाचे बहुतेक कर्ज असेच असते. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या कर्जाची मोजणी बँकेच्या वहीत होते. त्याच्या बापाच्या ऑपरेशनसाठी सावकाराकडून आणलेले पन्नास हजार कर्जमाफीच्या कोणत्या यादीत येतील?

सरकारी आकडे सांगतात की आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही चांगली गोष्ट आहे, तिला नावे ठेवायची नाहीत. जीवनदायी योजना आता महात्मा फुल्यांच्या नावाने चालते आणि मर्यादाही पाच लाखांवर गेली आहे. पण योजना रुग्णालयाच्या खाटेपाशी असते. घरी आल्यावर जन्मभर घ्यायच्या गोळ्या ज्याच्या त्यालाच घ्याव्या लागतात.

त्यासाठी जनऔषधी केंद्रे आहेत, २००८ पासून. मी माझी गोळी तिथूनच घेतो, मला तीच गोळी पुष्कळ स्वस्त पडते. आपाला मी किती वेळा म्हटले. ती म्हणायची, “स्वस्त आहे म्हणजे असर कमी असणार.” डॉक्टर चिठ्ठीवर कंपनीचे नाव लिहितात, ते नाव तिला औषधाच्या नावापेक्षा मोठे वाटायचे. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव लिहावे, असा नियम राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढला होता. तीन आठवड्यांत तो स्थगितही झाला. स्वस्त औषधाच्या दर्जाची खात्री कोण देणार, असे डॉक्टरांच्या संघटनांचे म्हणणे होते. प्रश्न खोटा नाही. पण तो माझ्या आपाने सोडवायचा की सरकारने?

इथून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम आहे. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयाच्या डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या खेड्यांत एक विमा चालवला होता. त्याचा हप्ता पैशात नव्हे, ज्वारीत. पीक निघाले की घराघरातून ज्वारी गोळा व्हायची आणि वर्षभर गाव निर्धास्त. आजार यायच्या आधी, हातात धान्य असताना दिलेला तो हप्ता होता. आपण मात्र आजार आल्यावर, हातात काही नसताना देतो. मला त्यातला ज्वारीचा भाग फार आवडतो. कवी आहे, माफ करा.

आपा २०२२ च्या हिवाळ्यात गेली. आमच्यात जनाज्याच्या वेळी घरच्या माणसाने उभे राहून विचारायची रीत आहे, की जाणाऱ्यावर कुणाचे काही देणे असेल तर सांगा, आम्ही फेडू. माझा भाचा उभा राहिला आणि त्याने ते विचारले. कोणी काही बोलले नाही. सोनाराचे फिटले होते, भिशीचेही. तीन टक्केवाला मागच्या रांगेत उभा होता, त्याचे तर कधीच फिटले होते.

आठवड्याने भाच्याला उशाखालच्या डब्यात कापलेल्या पट्ट्या सापडल्या. आम्ही दोघे मिळून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो, काही बाकी आहे का विचारायला. दुकानदाराने वही काढली. चारशे साठ रुपये होते. मी त्याच्या खांद्यावरून वही वाचत होतो. दर महिन्याला आपाच्या नावापुढे रक्ताच्या गोळ्या लिहिल्या होत्या, पंधरा. चिठ्ठीवर रोज एक होती. मी मागची पाने उलटली. तिथेही पंधरा, त्याच्या मागच्या महिन्यातही पंधरा, पार दोन वर्षे मागे. इतकी वर्षे मी तिला किमतींच्या बातम्या वाचून दाखवत होतो, तिच्या डब्यातल्या गोळ्या कधी मोजल्या नव्हत्या.

भाच्याने पाचशेची नोट पुढे केली. दुकानदाराने शहाऐंशी रुपये परत दिले. हिशेब चुकला का, असे भाच्याने विचारले. तो म्हणाला, “नाही, बाई नेहमीच्या होत्या. त्यांना मी दहा टक्के कमी लावायचो.”