समूहाचा संघ कसा घडतो?



चार माणसे एका छपराखाली काम करू लागली की त्यांचा संघ झाला, असा समज सर्वत्र आढळतो. पेढी असो, कारखाना असो वा सेवाभावी संस्था असो. नेमणुका झाल्या, कामे वाटून दिली, की चालक निर्धास्त होतो. दोन-तीन महिन्यांत कुरबुरी कानी येऊ लागतात आणि ‘माणसेच चांगली मिळाली नाहीत’ असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः दोष बहुधा माणसांचा नसतो, उतावीळ अपेक्षेचा असतो.

ब्रूस टकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लहान समूहांविषयीचे सुमारे ५० अभ्यास तपासून १९६५ साली समूहाच्या वाढीचे चार टप्पे मांडले. पहिला जुळणीचा, दुसरा संघर्षाचा, तिसरा संकेत रुजण्याचा आणि चौथा कार्यसिद्धीचा. १९७७ साली मेरी अ‍ॅन जेन्सन यांच्या सहकार्याने त्यांनी विसर्जनाचा पाचवा टप्पा जोडला. हे टप्पे गणिताप्रमाणे क्रमानेच येतात असे नाही. एखादा नवा माणूस आला तरी समूह पुन्हा मागे जातो. तथापि यातून एक मोलाचा बोध होतो. दुसऱ्या टप्प्यावरील भांडण हे अपयशाचे लक्षण नसून वाढीचे लक्षण असते.

याचा प्रत्यय घेण्यासाठी अमेरिकेला जाण्याचे कारण नाही. दौंड तालुक्यातील कोणतेही गुऱ्हाळ पाहावे. एक जण घाण्याला ऊस लावतो, दुसरा चुलवाणात वाळलेली चिपाडे सारतो, तिसरा काहिलीतील मळी काढतो आणि या सर्वांवर गुळव्याची नजर असते. आरंभी सारे एकमेकांशी जपून बोलतात. मग एखादे दिवशी जाळ अधिक होतो आणि गूळ काळवंडतो. दुसऱ्या दिवशी पाक कच्चा उतरतो आणि ढेप धरत नाही. गुळव्या जाळ घालणाऱ्याला बोल लावतो, तो ओल्या चिपाडांकडे बोट दाखवतो. येथे कच्चा गुळव्या सर्वांदेखत ओरडतो. जाणता गुळव्या मात्र जाळ घालणाऱ्यालाच काहिलीपाशी बोलावतो, पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी कशी बनते ते त्याच्या हाताने पाहावयास लावतो. आपल्या जाळाचा परिणाम ज्याने डोळ्यांनी पाहिला, त्याला पुढे हाक मारावी लागत नाही. गुळव्याचा हात वर जाताच जाळ मंदावतो. हाच तो संकेत होय, आणि तो कोणत्याही नियमावलीत लिहिलेला नसतो.

शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहतो. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार अशा दूरच्या मुलखांतून आलेली तरुण मुले तेथे खांद्याला खांदा लावून काम करतात. भाषा वेगळी, जेवण वेगळे, सणवार वेगळे. जेथे कंत्राट संपताच माणसे बदलली जातात, तेथील समूह कायम पहिल्याच टप्प्यावर अडकून पडतो. मजुरी वाचल्याचा हिशेब वहीत दिसतो. परंतु ज्या ओळखीतून काम सुकर होते ती ओळखच गमावल्याची नोंद कोणत्याही खात्यावर होत नाही.

एकत्र असणे आणि एकजीव असणे यांतील अंतर उसाच्या फडात अधिक स्पष्ट दिसते. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीपायी बीड-अहिल्यानगरकडील जोडपी हंगामभर टोळीत राबतात. त्यांचे कष्ट आणि कौशल्य थोर आहे. परंतु कर्जाच्या दोरीने बांधलेल्या टोळीला संघ म्हणणे ही आत्मवंचना ठरेल. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा नाही, त्याच्या ‘होय’ला सहकार्य म्हणता येत नाही.

याउलट उदाहरण शेजारच्याच तालुक्यांचे आहे. मुंबईच्या डबेवाल्यांची परंपरा १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केली. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील हे अल्पशिक्षित लोक २०२० पूर्वी सुमारे ५ हजारांच्या संख्येने रोज अंदाजे २ लक्ष डबे पोहोचवीत. त्यांच्या गटातील माणूस पगारी नोकर नसून भागीदार असतो. मुकादम स्वतःही खांद्यावर डबे वाहतो. आणि कोणी आजारी पडल्यास त्याची वाट सांभाळणारी जादा माणसे गटात असतात. कोरोनाच्या टाळेबंदीत त्यांचे काम थांबले, पुष्कळ जण गावी परतले आणि संख्या घटली. संघ कितीही भक्कम असला तरी काळाचा घाव त्यालाही लागतो.

संस्थांनाही हाच न्याय लागू आहे. एखाद्या कार्यकारिणीत वर्षभर एकही मतभेद नोंदला गेला नसेल, तर तेथे ऐक्य आहे असे समजण्याची घाई करू नये. बहुधा एकच माणूस बोलत असतो आणि बाकीचे मान डोलावीत असतात. मतभेद बैठकीत मांडला जावा, तो कामाविषयी असावा, माणसाविषयी नसावा. निर्णय झाल्यावर विरोधी मत देणाऱ्यानेही तो आपला मानावा. ज्येष्ठांनी जागा अडवून न धरता तरुणांस काहिलीपाशी बोलवावे, त्यांच्या हाती काम द्यावे आणि पहिली एखादी ढेप बिघडली तरी सोसावी.

गूळ खाणाऱ्याला जाळ कोणी घातला आणि मळी कोणी काढली हे कळत नाही. त्याला केवळ गोडी कळते. ज्या कार्यात प्रत्येकाचा हात आहे आणि कोणाचाही ठसा वेगळा उमटलेला नाही, तेथे समूहाचा संघ झाला असे निःशंक समजावे.